दारू विकणाऱ्याचा धडा आपल्या शाळेत नको



या अंकात वनपट्ट्यांच्या दाव्यांच्या बातम्यांबरोबर एक वेगळा विषय मांडतोय. जे पाड्यावर अंक वाचून दाखवतात त्यांनी हा लेख शेवटपर्यंत वाचून दाखवावा. विषय दारूचा आहे म्हटल्यावर काही भाऊ उठून जातील. उठू नका, बसा. पिणाऱ्याला शिव्या द्यायला आम्ही हा लेख लिहीत नाही. शिव्या देणारे पुष्कळ आहेत.

गेल्या पावसाळ्यात आपल्या भागातल्या एका आश्रमशाळेत कार्यक्रम झाला. शहरातून गाडी आली. चार तरुण पोरं-पोरी उतरली, त्यांनी नववी-दहावीच्या मुलांपुढं नाटक केलं. नाटक चांगलं होतं असं मुलं सांगतात. एक मुलगा मित्रांच्या नादानं प्यायला लागतो, परीक्षेत नापास होतो, मोटारसायकलवरून पडतो. शेवटी सगळे मिळून ओरडतात, ‘मी नाही म्हणणार!’ मग प्रत्येकाला एक वही, एक पाण्याची बाटली आणि एक रंगीत पुस्तिका मिळाली. पुस्तिकेच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात एका फाउंडेशनचं नाव होतं. हे फाउंडेशन कोणाचं, ते आम्ही विचारत गेलो. चार ठिकाणी विचारल्यावर उत्तर मिळालं. दारू बनवणाऱ्या कंपनीचं.

शाळेत जाऊन विचारलं. मुख्याध्यापक भला माणूस आहे, त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, “मला आधी माहीत नव्हतं. आता माहीत झालं तरी मी काय करू? ते पाण्याची टाकी देतो म्हणतात, पाणी शुद्ध करायचं मशीन देतो म्हणतात, मुलींच्या न्हाणीघराला दारं बसवून देतो म्हणतात. तीन वर्षं मी अर्ज करतोय. कोणी एक दार दिलं नाही.” बदल्यात कंपनीला एवढंच पाहिजे, की दर वर्षी हा कार्यक्रम शाळेत घ्यायचा आणि तसं पत्र शाळेनं द्यायचं.

पत्र अजून गेलेलं नाही. पुढच्या महिन्यात शाळेच्या आसपासच्या गावांच्या ग्रामसभा आहेत. त्या आधी सगळ्यांनी यावर बोलावं, म्हणून हा लेख.

पुस्तिकेत कोण आहे आणि कोण नाही

त्याच शाळेतला आमच्या पाड्यावरचा एक मुलगा दिवाळीच्या सुट्टीत घरी आला. बाप ऊसतोडीला निघायच्या तयारीत होता. मुकादमाकडून उचल घेतलेली, आणि त्या रात्री तो पिऊन आलेला. मुलानं पुस्तिका काढली आणि बापाला वाचून दाखवलं, की दारू पिणं ही ज्याची त्याची निवड असते, चुकीची निवड केली की कुटुंबाचं वाटोळं होतं. बाप काही बोलला नाही. दोन दिवसांनी टेम्पोत बसून बारडोलीकडं गेला. मुलाची आई सांगते, पोरगा बापाला पोचवायला रस्त्यापर्यंतसुद्धा गेला नाही.

ती दारू कोणी पाजली होती? उचल मोजून देणाऱ्या मुकादमानं. अंगठा घ्यायच्या आधी बाटली, हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. किती कोयते, किती दिवस, किती रुपये कापणार, हे पाजल्यावर कोण विचारतो? पण पुस्तिकेत मुकादम नाही.

आम्ही ती पुस्तिका तीनदा वाचली. त्यात मित्र आहेत, वाईट संगत आहे, मन कमजोर असणं आहे, बाप आहे. ‘नाही कसं म्हणावं’ याच्या पाच युक्त्या आहेत. ‘कायद्याचं वय होईपर्यंत थांबा’ असं लिहिलंय. ‘जबाबदारीनं वागा’ असं लिहिलंय.

दारूचं दुकान मात्र त्यात नाही. बाजाराच्या दिवशी हाटाच्या तोंडाशीच दुकान कसं असतं ते नाही. देशीच्या पेट्या मोटारसायकलवरून पाड्यापाड्यात कशा येतात ते नाही. जाहिरात नाही, कंपनीचा नफा नाही, सरकारचा महसूल नाही. दारूनं कॅन्सर होतो हेसुद्धा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं १९८८ साली दारूला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. त्याच गटात तंबाखू आहे. त्या संघटनेच्या युरोप विभागानं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की दारूचं कुठलंही प्रमाण तब्येतीला सुरक्षित नाही. पुस्तिका म्हणते, ‘प्रमाण ओळखा.’

आणि ‘वय होईपर्यंत थांबा’ याचा अर्थ मुलं काय घेतात? एक दहावीची मुलगी आम्हाला म्हणाली, “म्हणजे वय झालं की प्यायची.” आपल्या राज्यात दारूचा जो कायदा आहे त्याचं नाव अजून दारूबंदी कायदाच आहे, १९४९ सालचा. कडक दारूला २५ वर्षं वय लागतं आणि प्यायला परवाना लागतो. हेही पुस्तिकेत नाही.

ज्याचा धंदा दारूचा, त्यानं लिहिलेल्या धड्यात पिणारा गुन्हेगार होतो आणि विकणारा मास्तर होतो. आमचं म्हणणं एवढंच आहे. पुढचं सगळं त्याचा पुरावा समजा.

हे फक्त आपल्या आश्रमशाळेत झालेलं नाही

आधी आम्हाला वाटलं, एखाद्या साहेबाच्या डोक्यातली ही कल्पना असेल. मग शोधून वाचलं. हे जगभर चालू आहे.

इंग्लंडमध्ये ‘स्मॅश्ड’ नावाचं नाटक २००५ पासून शाळाशाळांत होतं. त्याला पैसा डियाजिओ कंपनीचा. ही जगातली फार मोठी दारू कंपनी आहे, आपल्या देशातल्या युनायटेड स्पिरिट्सवरही तिचाच ताबा आहे. २०२० साली या कंपनीनं जाहीर केलं, की २०३० पर्यंत या कार्यक्रमातून १ कोटी लोकांपर्यंत पोचायचं. मुलं, आईबाप, शिक्षक सगळे. एवढे कोटी माणसांपर्यंत पोचायची तयारी सरकारचं आरोग्य खातं करत नाही, दारू कंपनी करते.

लंडनच्या एका मोठ्या आरोग्य विद्यापीठातल्या संशोधकांनी असे तीन कार्यक्रम तपासले आणि २०२२ साली निष्कर्ष छापले. त्या तीनपैकी एक ‘स्मॅश्ड’. त्यांना आढळलं, की हे धडे सगळा भार मुलांवर, त्यांच्या मित्रांवर आणि आईबापावर टाकतात. दारू पिणं ही मोठ्या माणसांची नेहमीची रीत असल्यासारखं दाखवतात. दारूचे तोटे अर्धवट किंवा चुकीचे सांगतात. किंमत, दुकान आणि जाहिरात यावर मात्र गप्प राहतात. आम्ही आमची पुस्तिका वाचून जे म्हणालो, तेच तिकडं शिकलेल्या माणसांनी म्हटलेलं आहे.

कोणी म्हणेल, कंपनीला खरंच पोरांची काळजी असेल, वाईट का बघता? काळजी असेल किंवा नसेल, आम्ही मनातलं बघू शकत नाही. हिशोब बघू शकतो. इंग्लंडमधलाच २०१८ सालचा एक अभ्यास आहे. तिथं दारूच्या विक्रीतून जो पैसा येतो त्यातला ६८ टक्के पैसा, सरकारी आरोग्य खात्यानं सांगितलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पिणाऱ्यांकडून येतो. फार जास्त पिणारे लोक तिथं शंभरात चारच आहेत, पण २३ टक्के पैसा त्या चौघांच्या खिशातून येतो. म्हणजे सगळे ‘जबाबदारीनं’ प्यायला लागले तर धंद्याचा मोठा हिस्सा बुडेल. आपलंच दुकान बुडेल असा धडा कोणता दुकानदार शिकवील? बिबट्याला शेळ्या राखायला ठेवलं तर कळप वाढेल का?

तंबाखूवाल्यांनी हेच आधी करून बघितलं. अमेरिकेत १९९८ साली फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीनं मुलांसाठी ‘विचार करा, सिगारेट ओढू नका’ अशा अर्थाची मोहीम काढली. २००२ साली अभ्यास छापून आला, की ती मोहीम बघितलेल्या मुलांचं सिगारेट कंपन्यांबद्दलचं मत उलट चांगलं झालं. तेव्हा जग शहाणं झालं. तंबाखूबद्दल जगातल्या देशांनी एक करार केला, भारतानं तो २००४ साली मान्य केला. त्या कराराचं सांगणं आहे, की तंबाखूबद्दलची सरकारी धोरणं तंबाखू कंपन्यांच्या हितापासून वाचवा. त्याच्या सूचनांमध्ये मुलांच्या शिक्षणात या कंपन्यांना घेऊ नका हेही येतं. दारूसाठी असा करार अजून झालेला नाही. तेवढ्याच भोकातून दारू कंपन्या शाळेत शिरतात.

आपल्याकडं शिरायला आणखी दोन दारं आहेत. एक, २०१३ चा कंपनी कायदा. मोठ्या नफ्याच्या कंपनीनं तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजाच्या कामाला खर्च करायचे, त्यात शिक्षण येतं. दारूच्या कंपनीनं शाळेत जाऊ नये असं त्यात कुठं म्हटलेलं नाही. दुसरं दार आपल्या राज्य सरकारनं सप्टेंबर २०२३ मध्ये उघडलं, दत्तक शाळा योजना. कंपनीनं सरकारी शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्यायची, शाळेला आपलं नावसुद्धा देता येतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत नाशिक जिल्ह्यातली एक शाळा मद्य बनवणाऱ्या कंपनीला दत्तक दिली, असं सांगून शरद पवारांनी जाहीर टीका केली होती. पेपरात वाचलं असेल.

टीव्हीवर दारूची जाहिरात करता येत नाही. म्हणून या कंपन्या त्याच नावाचा सोडा दाखवतात, पाणी दाखवतात. शाळेपासून ठरलेल्या अंतराच्या आत दारूचं दुकान काढता येत नाही. मग दुकान फाटकापासून लांब ठेवायचं, आणि दुकानाला माल देणाऱ्याला फाटक उघडून वर्गात बसवायचं, हा कुठला न्याय?

‘तुमच्या भल्यासाठी’ हे आपण आधीही ऐकलंय

साथींनो, जमिनीच्या लढाईच्या अंकात दारूचा विषय कशाला, असं कोणाला वाटेल. पण आपल्या जमिनी गेल्या कशा, हे म्हाताऱ्यांना विचारा. कोर्टात गेल्या त्या थोड्या. बऱ्याच बाटलीखालून गेल्या.

इंग्रज सरकारनं १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा केला. आपल्या घरी आपल्या महूची गाळणं गुन्हा झाला. पुढं १८९२ च्या कायद्यानं ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यात महूची फुलं गोळा करून ठेवण्यावरही बंधन आलं. कारण काय दिलं? घरची दारू वाईट, आरोग्याला घातक. मग चांगली कोणती? सरकारी कारखान्यात गाळलेली, मक्तेदाराच्या दुकानातली. झाड आपलं, फूल आपलं, देव आपला, आणि दारू मात्र पैसे देऊन विकत घ्यायची. पैसे नसले की उधारी. उधारी वाढली की वेठ. वेठीनं फिटली नाही की शेत. मक्तेदारच सावकार झाला आणि सावकारच जमीनदार झाला.

आपली माणसं गप्प बसली नाहीत. १९२१-२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरून देवीचं वारं उठलं, ते डांगात आणि सुरत जिल्ह्यापर्यंत गावोगाव पोचलं. अंगात देवी येणारी माणसं सांगत होती, दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा. पण ती तेवढ्यावर थांबली नाहीत. दारूच्या मक्तेदाराकडं कामाला जाऊ नका, हेही देवी सांगत होती.

आपल्या सातपुड्याच्या पायथ्याला, तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी तेच केलं. ‘आप की जय’ म्हणत हजारो लोकांनी दारू सोडली. महाराज १९३८ साली गेले. भाऊ रामदास महाराजांनी काम पुढं नेलं, तर सरकारनं त्यांना हद्दपार केलं. विचार करा, माणसं दारू सोडतायत तर सरकारनं खूश व्हायला पाहिजे होतं. पण न पिणारा आदिवासी हिशोब मागतो, मजुरी मागतो, मान वर करून बोलतो. त्याची भीती होती.

आणि शहाद्याच्या बाया. १९७२ साली शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला, श्रमिक संघटना उभी राहिली. गेलेल्या जमिनी परत मागितल्या, मजुरी वाढवून मागितली. त्या लढाईत बाया पुढं होत्या. त्यांनीच मग प्रश्न काढला, की वाढलेली मजुरी जाते कुठं? अड्ड्यावर जाते आणि रात्री मार होऊन घरी परत येते. मग बाया गटागटानं गावोगाव फिरल्या, दारूची मडकी फोडली, भट्ट्या मोडल्या. बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत उभं केलं.

या सगळ्यांनी ‘पिऊ नका’ असंच सांगितलं. कंपनीची पुस्तिकाही तेच सांगते, मग फरक काय? देवीनं, गुलाम महाराजांनी, शहाद्याच्या बायांनी पिणाऱ्याला सुधरायला सांगितलं आणि विकणाऱ्याचं नावही घेतलं. माणूस ताठ उभा राहावा म्हणून दारू सोडायला सांगितलं. पुस्तिका विकणाऱ्याचं नाव पुसते आणि पोराला बापाची लाज वाटायला शिकवते. बापाची लाज वाटणारी मुलं उद्या जमिनीच्या दाव्यासाठी बापाबरोबर तहसीलला येतील का? आमचा खरा घोर हा आहे.

आपल्या लोकांचे प्रश्न

या विषयावर आम्ही तीन पाड्यांत बसलो. लोकांनी खरे प्रश्न विचारले. ते टाळून चालणार नाही.

एक भाऊ म्हणाला, “पैशाला वास नसतो. टाकी बसू द्या, पुस्तिका चुलीत घाला.” हे बोलणं सोपं आहे, पण टाकीवर नाव रंगवलेलं राहणार. रोज सकाळी चारशे मुलं त्या नावाखाली ताटं धुणार. पुस्तिका जळेल, नाव जळणार नाही. आणि दर वर्षी कार्यक्रम घेण्याचं पत्र शाळेनं दिलेलं असणार. उद्या दुकान बंद करा म्हणून गावानं मागणी केली, तर शाळेचे शिक्षक आपल्या बाजूनं सही करतील का? ज्याची टाकी, त्याच्याविरुद्ध बोलायला जीभ जड होते.

एक ताई म्हणाली, “माझ्या पोरीला न्हाणीघराला दार पाहिजे. तुमचं भाषण तिच्या अंगावर पांघरायला येणार नाही.” ताई, तुमचं बरोबर आहे. दाराशिवाय आम्ही हा ठराव मागायला येणार नाही. पण दार कोणाचं देणं आहे? राज्यात आदिवासींची लोकसंख्या ९.३५ टक्के. त्या प्रमाणात आपल्यासाठी पैसा बाजूला काढायचा, हे सरकारनं स्वतः मान्य केलेलं आहे. दारूवरच्या करातून राज्य सरकारला वर्षाला २० हजार कोटींच्या वर पैसा मिळतो, त्यात आपल्या हाटातला पैसाही आहे. एवढं घेऊन सरकार मुलींना दार देत नाही, आणि दार नाही म्हणून कंपनीला आत येता येतं. म्हणून दोन्ही मागण्या एकत्र करायच्या. कंपनीला नाही म्हणायचं आणि प्रकल्प कार्यालयाच्या दारात बसून टाकी आणि दारं घेऊन यायचं. त्यासाठी मोर्चा काढायला आम्ही तयार आहोत. तुम्ही पुढं चला.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. एक आजा हसून म्हणाले, “आपण महूची गाळतो ती काय पाणी आहे?” नाही, आजा, पाणी नाही. याहामोगी मातेला आपण धार वाहतो, पूर्वजांना वाहतो, लग्नात, मयतीत लागते. ते आपलं आहे आणि त्याची आम्हाला लाज नाही. पण खरं बोलूया. आज पाड्यात जी रोज विकली जाते ती किती वेळा महूची असते? गूळ आणि नवसागर टाकून काढलेली असते, आणि विकणारा आपलाच भाऊबंद असतो. देवाच्या नावानं धंदा चालू आहे. मोर्चाहून परत येताना गाडी कुठं थांबते, तेही आम्हाला माहीत आहे, कारण गाडीत आम्हीही असतो. कंपनीला बोट दाखवताना उरलेली बोटं आपल्याकडं वळतात, ती वळू द्या. आपल्यातल्या अड्डेवाल्यालाही शाळेच्या स्टेजवर हार घालायचा नाही. पंधरा ऑगस्टला त्याच्या देणगीचा खाऊ वाटायचा नाही. नियम सगळ्यांना एकच.

हातात काय आहे

कायदा आपल्या हातात आहे, वापरायचा राहिला आहे.

१९९६ च्या पेसा कायद्याच्या कलम ४ मध्ये लिहिलंय, की दारूबंदी करणं, दारूची विक्री आणि पिणं यावर बंधन घालणं हा अधिकार ग्रामसभेला मिळाला पाहिजे. आपल्या राज्याचे पेसा नियम २०१४ साली आले, त्यातही हे आहे. त्याच्याही आधी, १९७४-७५ साली केंद्र सरकारनं राज्यांना सांगितलं होतं, की आदिवासी भागातली दारूची धंदेवाईक विक्री बंद करा. ज्या गावात दारू विकायची का नाही हे ठरवायचा अधिकार ग्रामसभेचा, त्या गावच्या मुलांना दारूबद्दल कोण शिकवणार, हे ठरवताना ग्रामसभेला विचारायला नको?

दुकान बंद करायचं असेल तर २००८ च्या आदेशाप्रमाणं गावातल्या २५ टक्के बायांनी लेखी मागणी केली, की गुप्त मतदान घ्यावं लागतं. एकूण बाया मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, की दुकान बंद. गैरहजर राहिलेली बाई उभ्या बाटलीच्या कामाला येते, म्हणून त्या दिवशी मजुरीला जायचं नाही. गडचिरोलीत लोकांनी लढून १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी आणली. चंद्रपूरच्या बाया २०१० साली चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर चालत गेल्या, तिथं २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला सरकारनं उठवली. म्हणजे मिळवलेलं राखावं लागतं, नाहीतर जातं. वनपट्ट्यासारखंच.

आणि शाळेत दारूचा धडा पाहिजेच. आमचा विरोध धड्याला नाही, धडा देणाऱ्याला आहे. तो आपण देऊ. आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंना बोलवू, त्या लिव्हरचं आणि कॅन्सरचं सांगतील. मुलांना एक गणित घालू. एका चपटीचे ७० रुपये धरा, रोज एक, वर्षाला किती? २५,५५०. यात किती महिन्यांचा किराणा येतो, किती बियाणं येतं, हे मुलंच काढतील. बाजारात उभं राहून मुलं मोजतील, की हाटाच्या रस्त्यावर दारूची ठिकाणं किती आणि दवाखाने किती. म्हाताऱ्या माणसांना शाळेत बोलवू. कोणाचं शेत, कोणत्या साली, किती उधारीवर, कोणाकडं गेलं, ते मुलं वहीत लिहून घेतील आणि गावच्या नकाशावर रंगवतील. त्या नकाशाचा आपल्याला जमिनीच्या कामातही उपयोग होईल. १९७४-७५ च्या जमीन परत करण्याच्या कायद्यांबद्दल तेव्हाच सांगता येईल.

असा धडा शिकलेलं पोरगं बापाला काय विचारेल? ‘तू का पितोस’ हे विचारेलच, विचारायलाच पाहिजे. पण त्याच्या पुढचा प्रश्नही विचारेल, ‘तुला पाजतो कोण, आणि तुझ्याकडून काय घेतो?’ त्या प्रश्नाला बाप गप्प राहणार नाही.

ग्रामसभेत मांडायला ठरावाचा मजकूर देतो. आपापल्या गावच्या बोलीत वाचून, चर्चा करून, पटला तरच घ्या.

ठराव: आमच्या ग्रामसभेच्या हद्दीतल्या आणि आमची मुलं शिकतात त्या शाळा, आश्रमशाळा, अंगणवाड्यांमध्ये दारू बनवणाऱ्या किंवा विकणाऱ्या कोणाचाही, त्यांच्या फाउंडेशनचा किंवा त्यांच्या पैशानं चालणाऱ्या संस्थेचा कार्यक्रम, पुस्तिका, वस्तू, देणगी आणि नाव आम्हाला मान्य नाही. शाळेत बाहेरचा कोणताही कार्यक्रम घेण्याआधी त्याला पैसा कोणाचा, हे शाळा व्यवस्थापन समितीला लेखी कळवावं. आमच्या आश्रमशाळेला पाण्याची टाकी, पाणी शुद्ध करायचं मशीन आणि मुलींच्या न्हाणीघरांना दारं आदिवासी विकास विभागानं तीन महिन्यांच्या आत द्यावीत. दारूबद्दलचं शिक्षण ग्रामसभा, शिक्षक आणि आरोग्य केंद्र मिळून देतील.

ठरावाची एक प्रत मुख्याध्यापकांना द्या. त्यांना दमात घेऊ नका, त्यांच्या बाजूनं उभे राहा. एक प्रत प्रकल्प कार्यालयाला द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. एक प्रत आमच्याकडं पाठवा, पुढच्या अंकात गावांची यादी छापू.

आणि तो मुलगा. बाप चैत्रात ऊसतोडीहून परत येईल. आम्ही मुलाशी बोललोय. त्याच्या वहीतल्या नकाशावर त्याच्या आज्याचं शेत दाखवायचं आहे, ते कुठं होतं हे बापालाच माहीत आहे. बाप आला की विचारतो, म्हणाला.

जल, जंगल, जमीन, आणि शाळाही आपली.

जिंदाबाद!